गाडी आणि डोंगर एकाच चौकटीत: प्रकाश, प्रतिबिंब आणि प्रोसेसिंग

गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

लँडस्केप बरीच वर्षं काढतोय. अलीकडे त्यात गाड्या आणल्या आहेत. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचा काठ, पेठ रस्त्याकडून दिसणारा रामशेज किल्ला, त्र्यंबक रस्त्यावरून अंजनेरी, दिंडोरीकडच्या द्राक्षबागा अशा ओळखीच्या जागी मित्रांच्या गाड्या उभ्या करून प्रयोग चाललेत. त्यातून एक मत बनलंय आणि एक प्रश्न पडलाय. दोन्ही इथे मांडतो.

मत असं. नुसतं लँडस्केप काढताना समोर काय आहे ते बघून जागा ठरवायची. चौकटीत गाडी आली की आपल्या पाठीमागे काय आहे ते बघून जागा ठरवायची. गाडीच्या रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, हा जवळपास वाकडातिकडा आरसाच असतो. समोर अंजनेरीचा डोंगर कितीही देखणा असू दे, पाठीशी विजेचे खांब, टपरी आणि बघ्यांची रांग असेल तर ते सगळं दारावर उमटतं आणि गाडी मळकट दिसते. पाठीशी मोकळं पाणी किंवा गवताचा उतार असेल तर दारावर एकच सरळ क्षितिजरेषा येते. खाली गडद, वर उजळ. त्या एका रेषेमुळे गाडीचा आकार डोळ्यांत भरतो.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे फिरवून चमक छाटायचा फिल्टर, वापरतो, पण तो फिरवून सगळी चमक मारत नाही. बाजूचे दरवाजे एका कोनात, बॉनेट दुसऱ्या, पुढची काच तिसऱ्या. एका फिरवणीत सगळीकडची चमक जात नाहीच. म्हणून ट्रायपॉड न हलवता दोन-तीन फ्रेम घेतो: एक बॉनेटसाठी, एक दारांसाठी, एक आकाश आणि डोंगरासाठी. घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावून, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा हवा तेवढाच भाग निवडून, जोडतो.

आता प्रश्न. असा जोडलेला फोटो लँडस्केप म्हणून दाखवावा का? एका ओळखीच्या छायाचित्रकाराचं म्हणणं, "हे चित्र झालं, फोटो नाही." मला ते पटत नाही, पण उत्तरही नीट देता येत नाहीये. अनुभवी लोकांनी लिहावं.

सह्यवाट

विषय आवडला. प्रश्नावर नंतर येतो, आधी नाशिकच्या प्रकाशाबद्दल.

गंगापूर धरणावरून अंजनेरी आणि ब्रह्मगिरी नैर्ऋत्येला येतात. म्हणजे सकाळचं ऊन डोंगरांच्या आपल्याकडच्या अंगावर पडतं, कडे आणि घळी उठून दिसतात. संध्याकाळी तेच डोंगर नुसती काळी बाह्यरेषा होतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला सरकतो आणि त्या डोंगरांच्या बाजूला मावळतो. जूनमध्ये तो बराच उत्तरेला मावळतो आणि त्या चौकटीत येतच नाही. काठावर गाडी लावायच्या आधी एवढं ठरवा: डोंगराचा पोत हवाय की बाह्यरेषा? पोत हवा असेल तर पहाटे उठण्याला पर्याय नाही.

गोदाकाठ

@सह्यवाट, अगदी. त्यात भर: संध्याकाळी गाडीची आपल्याकडची बाजू सावलीत असते, तिच्यावर प्रकाश येतो तो फक्त मागच्या आकाशाचा. सूर्य डोंगराआड गेल्यावरची पंधरा-वीस मिनिटं म्हणूनच मला सगळ्यात जास्त आवडतात. पश्चिम अजून तांबूस, पूर्वेचं आकाश मऊ निळसर-गुलाबी, आणि त्या अख्ख्या आकाशाचा उजेड गाडीवर. स्टुडिओतला सर्वांत मोठा सॉफ्टबॉक्सही असा प्रकाश देणार नाही.

पेंटशॉप

सातपूर एमआयडीसीत रंगकामाच्या तपासणीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितोय.

तुम्ही क्षितिजरेषेबद्दल जे लिहिलंय तेच आम्ही रोज करतो. रंगवलेली बॉडी ट्यूबलाइटच्या रांगांमधून नेतात. ट्यूबचं प्रतिबिंब पत्र्यावर सरळ वाहत गेलं तर पत्रा बरोबर. रेष कुठे थरथरली, तुटली, पोटात गेली की तिथे पोचा किंवा रंगाचा दोष. नुसत्या डोळ्याला पत्रा सपाटच वाटतो, दोष रेषेमुळे कळतो. तुमच्या फोटोतही बघणाऱ्याला आकार कळतो तो याच कारणाने.

दुसरं, रंगाचे थर: प्रायमर, बेस कोट, वर क्लिअर कोट. सगळी मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास. मेटॅलिक रंगात धातूच्या बारीक चकत्या बेस कोटमध्ये असतात. तुमचा पोलरायझर वरच्या क्लिअर कोटची चमक कमी करतो, आतल्या चकत्यांची नाही. म्हणून मेटॅलिक गाडीवर पोलरायझर लावला की रंग खोल दिसतो आणि चकाकी तरी शिल्लक राहते. साध्या सॉलिड रंगावर जास्त फिरवलात तर गाडी प्लॅस्टिकची वाटेल. क्रोमवर तर त्याचा काहीच उपयोग नाही, धातूवरून परतलेला प्रकाश तसा छाटता येत नाही.

चांदवडकर

@पेंटशॉप, या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत टाकला. मागच्या काचेवर पोलरायझरमधून निळे-जांभळे ठिपके दिसतात ते काय असतं?

पेंटशॉप

काच टेम्पर करताना तिच्यात ताण कोंडला जातो. तो पोलराइज्ड प्रकाशात पट्टे किंवा ठिपके होऊन दिसतो. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक टेम्पर्ड असतात. पुढची लॅमिनेटेड, तिच्यात ते सहसा दिसत नाही. काच खराब नाही, काळजी नको. फोटोत नको असेल तर त्या काचेपुरती पोलरायझर सैल फिरवलेली फ्रेम वापरा.

जुनी_रीळ

मी विरोधी पक्षात बसतो.

फिल्मवर काढणाऱ्याला एकच क्षण मिळायचा आणि त्या क्षणाशी प्रामाणिक राहावं लागायचं. तीन फ्रेममधून गाडीचे तुकडे घेऊन चौथ्यात आकाश बसवायचं, मग "ही संध्याकाळ अशी होती" म्हणायचं, हे मला खटकतं. बघणारा विश्वासाने बघतो. बॉनेटवरची चमक ही त्या जागेची, त्या वेळेची खूण आहे, ती का पुसायची? गाडीच्या जाहिरातीसाठी करा, माझी हरकत नाही. लँडस्केप म्हणून प्रदर्शनात लावणार असाल तर आहे.

सह्यवाट

@जुनी_रीळ, मुद्दा समजतो, पण प्रिंट काढताना अंधाऱ्या खोलीत आपणही हाताची सावली धरून भाग उजळ-गडद करायचोच की. अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या एका गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्याच निगेटिव्हच्या पुढच्या दशकांतल्या प्रिंटमध्ये आकाश सुरुवातीच्या प्रिंटपेक्षा कितीतरी काळं केलेलं आहे. तो फोटो खोटा ठरला नाही.

जुनी_रीळ

एकाच निगेटिव्हमधून केलं त्यांनी. तीन निगेटिव्ह जोडली नाहीत. हा फरक मी सोडणार नाही.

त्र्यंबकचा

वाद चाललाच आहे तर आपल्या मातीतलं उदाहरण द्या की! दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. सिनेमाच्या आधी गोध्याला, चुकलो, गोध्र्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. भांडवल मिळवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेतली आणि वाढ पडद्यावर भराभर दाखवली. एवढ्या वेगाने रोप वाढत नाही, पण बघणाऱ्याला फसवणूक वाटली नाही, उलट झाडाबद्दल नवीन काही दिसलं. नाशिककरांनी जोड-फ्रेमला नाकं मुरडू नयेत :)

जुनी_रीळ

फाळक्यांना मध्ये आणलंत म्हणजे मला गप्प बसवायचाच बेत दिसतो. पण ते बघणाऱ्यापासून लपवत नव्हते, तेच तर दाखवत होते. गोदाकाठ यांनी हेच सांगावं: लपवणार की दाखवणार?

कॉलेजरोड_कट्टा

मोबाइलवाल्यांना प्रवेश आहे का? माझी पांढरी हॅचबॅक पावसाळ्यात फोटोत हिरवट येते. गाडीत काही दोष आहे का?

गोदाकाठ

@कॉलेजरोड_कट्टा, प्रवेश आहेच. गाडी ठणठणीत आहे. पांढरा रंग भोवतालचं सगळं उचलतो. पावसाळ्यात गवतावर उभी केली की दारांचा खालचा निम्मा भाग हिरवा, वरचा ढगांचा करडा. संपूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स फिरवून तो काढू नका, डोंगर जांभळट होईल. फक्त गाडीवर मास्क लावा आणि हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. पूर्ण शून्य करू नका. थोडा हिरवा राहिला तर गाडी त्या गवतात उभी असल्यासारखी दिसते, नाहीतर वरून चिकटवल्यासारखी. मोबाइलमध्ये रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घेता येत असेल तर तीच घ्या, जेपीजीत एवढं ओढलं की रंग फाटतात.

हाच नियम संध्याकाळी. सावलीतली गाडी निळसर येते कारण तिच्यावर निळ्या आकाशाचा उजेड असतो. बरेच जण गाडी स्वच्छ पांढरी करतात आणि मागचं आकाश केशरी ठेवतात. तिथेच फोटो मोडतो. मी ती निळाई अर्ध्याहून जास्त तशीच ठेवतो.

लालपरी_नव्हे

लाल गाडीवाल्यांसाठी: कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, सगळं ठीक म्हणतो तेव्हाही लाल चॅनल फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो. बॉनेटवर मग एकसलग लाल डाग येतो, वळण दिसतच नाही. आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लाल चॅनलकडे बघून एक्स्पोजर कमी करा.

रानजाई

फोटो सुंदर येत असतील, पण एक विनंती आहे आणि ती मनापासून करतेय.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डोंगरपायथ्याच्या गवतात, सड्यांवर गाड्या घालू नका. अंजनेरीचं पठार वनस्पतींसाठी फार महत्त्वाचं आहे. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाला नावच या डोंगरावरून मिळालंय. ही झाडं कंदातून उगवतात, वर महिनोन्महिने काही दिसत नाही. कातळावरच्या मातीचा थर बोटभर असतो. त्यावरून एकदा चाक गेलं की माती दबते, चाकोरीतून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथे नुसता कातळ उरतो. "गवतातली गाडी" असा फोटो एकाने टाकला की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या येतात. डांबरी रस्त्याच्या कडेने, गावाच्या वहिवाटीच्या रस्त्यावरून काय ते काढा.

गोदाकाठ

@रानजाई, पूर्ण सहमत. गाडी रस्त्यावरच ठेवायची आणि कॅमेरा खाली न्यायचा. हेडलाइटच्या उंचीवर किंवा त्याहून खाली बसलं की रस्त्याच्या कडेचं गवत पुढे येतं, डांबर दिसतच नाही. गाडी गवतात न घालता फोटो गवतातला होतो. नेमकी जागा मी यापुढे फोटोखाली लिहिणार नाही.

दिंडोरी_बागायत

बागेचा उल्लेख झालाय म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने. फोटोला कोणी नाही म्हणत नाही, पण बांधावर उभं राहून आधी हाक मारा. दोन ओळींमधून गाडी नेऊ नका, ठिबकच्या नळ्या असतात. फवारणी चालू असेल तर थांबू नका, अंगावर आणि लेन्सवर दोन्हीकडे औषध बसेल. ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर बाग नुसत्या काड्या आणि तारा असते, मंडपाच्या भौमितिक रेषा तेव्हाच नीट दिसतात. जानेवारीनंतर घड भरतात. तेव्हा पहाटेचं धुकं आणि तिरपं ऊन, यावं असा काळ. चहा आमच्याकडून, द्राक्षं मात्र विकत.

कॉलेजरोड_कट्टा

द्राक्षं विकत आणि चहा फुकट, हा दर मान्य आहे काका. गाडी बांधावरच ठेवू.

वेगवेडा

उभ्या गाड्यांचे फोटो काय काढता, रोलिंग शॉट काढा! दुसऱ्या गाडीच्या डिकीत बसायचं, १/६० शटर, दोन्ही गाड्या सारख्या वेगात. चाकं फिरतात, रस्ता वाहतो. समृद्धीवर इगतपुरीच्या बाजूला काय मस्त येईल!

सह्यवाट

उघड्या डिकीत बसून महामार्गावर? नको रे बाबा. द्रुतगती मार्गावर फोटोसाठी वेग कमी-जास्त करणं म्हणजे मागून येणाऱ्याचा जीव टांगणीला लावणं. हा सल्ला इथे नको.

पेंटशॉप

+१ सह्यवाट.

गोदाकाठ

@वेगवेडा, हौस समजते. त्याच परिणामाचे दोन सुरक्षित मार्ग सांगतो.

पहिला पॅनिंग. वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापासून लांब सुरक्षित जागी उभं राहायचं, शटर १/३० ते १/६०, गाडीबरोबर कंबरेतून वळत राहायचं. गाडी ताशी ४० किलोमीटरने आली तरी मागचा डोंगर पट्ट्यापट्ट्यांचा होतो. बहुतेक फ्रेम वाया जातात, एखादी लागते, आणि ती लागली की मजा काही औरच.

दुसरा मार्ग मला फार भावलाय. बंद आवारात, मालकाची परवानगी घेऊन, गाडीला सक्शन कपांनी लांब दांडा बसवायचा आणि त्याच्या टोकाला कॅमेरा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंगवर एक जण आणि मागून दोघांनी हळू ढकलायचं. शटर एक-दोन सेकंद. कॅमेरा गाडीबरोबरच सरकतो, म्हणून गाडी सुईसारखी तीक्ष्ण आणि जमीन वाहती. चालण्याच्या वेगाला गाडी सुसाट दिसते. दांडा नंतर सॉफ्टवेअरमध्ये पुसायचा.

वेगवेडा

ढकलायला मी येतो. माझ्या जुन्या गाडीमुळे सराव आहे.

भूमिती_सर

लेन्सबद्दल कोणी बोललंच नाही. बरेच जण वाइड लेन्स घेऊन गाडीला चिकटतात, मग बॉनेट सुजतं आणि मागचा डोंगर टेकडी होतो.

हिशोब सोपा आहे. २४ मिलिमीटरने चार मीटरवरून गाडी काढली. आता गाडीपासून तीस मीटरवर जा आणि १८० मिलिमीटर लावा. गाडी चौकटीत तेवढीच मोठी येईल, पण मागचा डोंगर साडेसात पट मोठा दिसेल. ही करामत लेन्सची नाही, अंतराची आहे. लेन्स फक्त चौकट आवळते. रामशेजसारखा फार उंच नसलेला किल्ला गाडीमागे भिंतीसारखा उभा करायचा असेल तर हाच मार्ग.

आणि शिखर गाडीच्या टपातून उगवू देऊ नका. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकलं की सुटतं. पुढची चाकं थोडी वळवा, म्हणजे टायरची नक्षी न दिसता रिम कॅमेऱ्याकडे येते.

चांदवडकर

सर, तीस मीटर मागे गेलो तर धरणात पडेन.

भूमिती_सर

मग गाडी पुढे न्या. पाण्यापासून लांब.

सह्यवाट

अवांतर: पहाटेचं शूट झालं की मिसळ कुठे? पापड, दही आणि शेवटी जिलेबी मिळेल तिथेच मी येणार.

कॉलेजरोड_कट्टा

आता धागा खऱ्या अर्थाने नाशिकचा झाला.

रात्रपाळी

रात्रीचा प्रयोग कोणी केलाय का? ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, २० ते ३० सेकंद, आणि हातात एलईडीची नळी घेऊन गाडीभोवती चालायचं. काळे कपडे घालायचे म्हणजे आपण दिसत नाही. एका फ्रेमला टपाची कड, दुसऱ्याला बाजू, तिसऱ्याला चाकं. मग जिंप या सॉफ्टवेअरमध्ये सगळे थर लाइटन मोडवर, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला उजळ भागच दिसतो. पार्किंग लाइट मात्र एक-दोन सेकंदच लावायचे, तीस सेकंद ठेवले की त्यांचा पांढरा गोळा होतो. अंधारात एकट्याने जाऊ नका.

गोदाकाठ

@रात्रपाळी, करून बघितलंय, आणि त्यावरूनच मूळ प्रश्नाकडे येतो. @जुनी_रीळ यांचं "लपवणार की दाखवणार" डोक्यातून जात नव्हतं.

एकाच ट्रायपॉडवरून, एकाच प्रकाशात घेतलेल्या फ्रेम मी जोडणार. डोळाही तसंच करतो: आधी डोंगर बघतो, मग बॉनेट, मग आकाश, आणि प्रत्येक वेळी बाहुली लहान-मोठी होते. सेन्सरला ते एका झटक्यात जमत नाही, म्हणून तीन झटके. दुसऱ्या दिवसाचं आकाश मात्र बसवणार नाही, कारण ते त्या गाडीवर पडलेलंच नव्हतं. आकाश बदललं की बॉनेटमधलं आकाश आणि वरचं आकाश यांचं भांडण लागतं. केशरी ढगांखाली करड्या प्रतिबिंबाची गाडी, असे फोटो हल्ली ढिगाने दिसतात. गाडीच त्यांचं बिंग फोडते.

आणि फोटोखाली लिहिणार: किती फ्रेम, किती वेळात, गाडीवर बाहेरचा दिवा वापरला की नाही.

तसंच धूसरपणा काढणारं डीहेझ डोंगरांवर आता जवळजवळ लावत नाही. ब्रह्मगिरीपर्यंतची हवा निळसर दिसते म्हणून तर तो लांब आहे हे कळतं. ती हवा पुसली की डोंगर डिकीवर येऊन बसतो.

जुनी_रीळ

फोटोखाली लिहिणार असाल तर माझी हरकत मागे घेतो. आवडनिवड वेगळी, ती राहील. प्रतिबिंबातल्या आकाशाची कसोटी मात्र पटली, एखाद्या स्पर्धेचं परीक्षण करायची वेळ आली तर वापरेन.

आता एक काम करा, त्यातला एक फोटो छापा. स्क्रीनवरून प्रिंट काळपट येते कारण स्क्रीन भडक लावलेली असते. ब्राइटनेस चौरस मीटरला १०० ते १२० कॅन्डेलापर्यंत उतरवा, मग प्रोसेस करा. गडद निळी गाडी असेल तर मॅट कागदाऐवजी हलकी चमक असलेला लस्टर घ्या, मॅटवर सावल्या बसतात आणि क्लिअर कोटची खोली जाते.

गोदाकाठ

लस्टरवर १२ बाय १८ काढतो. मॅटवरही एक छोटी काढतो, दोन्ही शेजारी ठेवून बघू. सावलीतला दरवाजा प्रिंटमध्ये कितपत उघडतो ते इथेच लिहीन.

दिंडोरी_बागायत

बागेतला फोटो असेल तर एक प्रिंट आमच्या ओट्यावर लावायला. मग द्राक्षंही फुकट.